ससूनचे दार

पुणे रेल्वे स्थानकालगतच्या ससून सर्वोपचार रुग्णालयावर लिहावे, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा प्रथम त्या वास्तूचा पूर्ववृत्तांत चाळला. बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून, हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांच्या आराखड्याबरहुकूम, ही दगडी इमारत १८६७ साली उभी राहिली. दाता मात्र १८६४ मध्येच पुण्यात निवर्तला होता, आणि त्याची कबर लाल देऊळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगच्या आवारात आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक यांनी येथेच शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात तडीस गेले. सरकारचा बंदी आणि सरकारचा सर्जन यांच्यामध्ये त्या घटकेला रोगी व वैद्य एवढेच नाते उरले होते.

ते नाते आजही कोण सांभाळते, हे पाहावयाचे तर वॉर्डातल्या मामांच्या, म्हणजे वॉर्डबॉयच्या, मागे चालावे. एका वृद्धेला एक्स-रेसाठी न्यायचे होते. मामांनी चादरीची टोके मुठीत घट्ट आवळली, "आजी, अंग सैल सोडा," म्हणत तिला अलगद स्ट्रेचरवर घेतले, आणि सलाइनची बाटली नातवाच्या हाती देऊन बजावले, "हात वरच ठेव, खाली आणलास तर नळीत रक्त चढेल." शिक्षणाचा दाखला नसलेली ही विद्या मला अत्यंत आदरणीय वाटली.

परंतु या आदराला चिंतेची किनार आहे. सुमारे तेराशे खाटांच्या या रुग्णालयाकडे केवळ शहर नव्हे, तर सातारा, सोलापूर, नगरकडचेही अवघड रोगी धाव घेतात. पुणे जिल्ह्यातल्याच पानशेत-वरसगावच्या जलाशयांपलीकडील वाड्या पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की बेटांसारख्या एकाकी पडतात. तेथील अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला ससूनचे दार अहोरात्र उघडे असूनही वाटेतली प्रत्येक घटका प्राणांतिक ठरू शकते. ससूनच्या इमारतीवर मजले चढवून गर्दीला जागा मिळेल, पण ते अंतर कमी होणार नाही. त्याकरिता तालुक्याच्या रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर, सर्पदंशावरचे प्रतिविष, रक्ताची सोय आणि रात्रीही निघणारी रुग्णवाहिका हवी. एका व्यापाऱ्याच्या औदार्याने शहराला रुग्णालय दिले. वाडीपर्यंत उपचार नेण्याचे कर्तव्य मात्र कोणा दात्यावर न सोपवता सरकारनेच उचलले पाहिजे.