नाव तेच, शर्यत वेगळी : बंद पडलेल्या एका शर्यतीतून डेटा वाचायला शिकूया



पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिताना बरेच जण "मागील ४० वर्षांचा डेटा वापरणार" असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. मुलाखतीत नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं : या ४० वर्षांत तुम्ही जे मोजताय, ते तेच राहिलं का? हा प्रश्न नीट कळावा म्हणून आज घोड्यांच्या एका शर्यतीचा इतिहास बघू. ही शर्यत आता होत नाही. रेसकोर्स कधी पाहिलं नसेल तरी काही अडत नाही.

आधी एक नियम. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीला एका वर्षाने वाढतं, मग जन्म कोणत्याही महिन्यातला असो. म्हणजे "दोन वर्षांचे" म्हणून एकत्र धावणाऱ्या घोड्यांत काही महिन्यांचा फरक असतोच. त्या वयात हाडं अजून वाढत असतात, त्यामुळे हा फरक लहान नाही. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत वेगासोबत "कोण लवकर तयार झाला" हेही मोजलं जातं.

आता आपली शर्यत : गार्डन स्टेट स्टेक्स. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात गार्डन स्टेट पार्क नावाचं रेसकोर्स होतं. तिथे १९५३ पासून दोन वर्षांच्या घोड्यांसाठी ही शर्यत होऊ लागली. अंतर सुमारे १७०० मीटर. बक्षिसाची रक्कम इतकी मोठी, की अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत शर्यतींत तिची गणना व्हायची. १९६० ला कॅरी बॅक जिंकला, १९७१ ला रिव्हा रिज, १९७२ ला सेक्रेटॅरिएट. पुढच्याच वर्षी या तिघांनीही केंटकी डर्बी जिंकली. सेक्रेटॅरिएटने तर १९७३ मध्ये ट्रिपल क्राउन मिळवला, जो त्याआधी २५ वर्षं कुणालाच मिळाला नव्हता.

वाचून काय वाटलं? "ही शर्यत जिंकणारा घोडा पुढे चॅम्पियन होतो" असंच ना? इथे पहिला सापळा आहे. ही तीन नावं मी निवडून दिली. जे जिंकले पण पुढे चमकले नाहीत, आणि जे हरले पण पुढे चमकले, ते तुमच्यासमोर आलेच नाहीत. निकाल बघून नमुना निवडला की निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. शिवाय मोठ्या बक्षिसासाठी मुळातच चांगले घोडे तिथे यायचे. सेक्रेटॅरिएट ही शर्यत धावण्याआधीच त्या हंगामातल्या अनेक मोठ्या शर्यती जिंकून आला होता. मग शर्यतीने चॅम्पियन ओळखला, की चॅम्पियन तिथे आला म्हणून शर्यत मोठी वाटली? फक्त विजेत्यांच्या यादीवरून हे सांगता येत नाही. प्रत्येक वर्षी धावलेल्या सगळ्या घोड्यांची पुढची कामगिरी लागते.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. पुढे ही शर्यत थांबली. १४ एप्रिल १९७७ रोजी रेसकोर्सची मुख्य इमारत आगीत खाक झाली आणि तिथल्या शर्यती आठ वर्षं बंद राहिल्या. १९८५ मध्ये रेसकोर्स पुन्हा उघडलं, गार्डन स्टेट स्टेक्सही परत आली. त्या वर्षी स्पेंड अ बक नावाचा घोडा जिंकला आणि त्यानेही पुढे केंटकी डर्बी मारली. यादीत चौथं नाव घालायचं का?

थांबा. १९८५ ची शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांसाठी होती, वसंतात, डर्बीच्या काही आठवडे आधी. अंतरही वेगळं, सुमारे १८०० मीटर. जुनी शर्यत कोवळ्या घोड्याबद्दल काही महिने आधी अंदाज देत होती, नवी शर्यत डर्बीची शेवटची तयारी होती. पाटी तीच, व्हेरिएबल दुसरं. २००१ मध्ये ते रेसकोर्सही कायमचं बंद झालं, आणि यादीत उरलं फक्त एक नाव.

हे अमेरिकेतच घडतं असं नाही. मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी १९४३ पासूनची. इंग्लंडची डर्बी जूनमध्ये, तीन वर्षांच्या घोड्यांची. आपली डर्बी फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांची, कारण मुंबईचा हंगाम हिवाळ्यात असतो. अंतर दोन्हीकडे साधारण २४०० मीटर, पण आपले घोडे प्रत्यक्षात सुमारे आठ महिन्यांनी मोठे. "डर्बी" हा शब्द बघून दोन्हीकडच्या वेळा एका तक्त्यात टाकल्या तर वयाचा परिणाम जातीचा किंवा प्रशिक्षणाचा वाटू शकतो.

नाशिकच्या शेजारचंच उदाहरण घ्या. १९९१ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख, २००१ मध्ये सुमारे १७ लाख. माणसं कुठे गेली? कुठेच नाही. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याचे १३ लाख मिळवले की आकडा ३० लाखांवर जातो. घट म्हणून लिहिलं असतं, ती प्रत्यक्षात वाढ आहे.

म्हणून जुना डेटा हातात आला की विश्लेषणाआधी एक साधा तक्ता करा : वर्ष, व्याख्या, कोण पात्र, कसं मोजलं, कुठे खंड पडला. व्याख्या बदलली त्या वर्षावर आडवी रेघ मारा. रेघेच्या वरचा आणि खालचा डेटा एकत्र करायचा असेल तर त्याचं कारण प्रस्तावातच लिहा. एखादी मालिका मध्येच तुटली असेल तर ती का तुटली हेही शोधा, कारण आग, कायदा किंवा आटलेला पैसा यांचा ठसा आकड्यांवर उमटलेला असतो.

तुमच्या विषयात असं "नाव तेच, वस्तू वेगळी" कुठे झालंय? आजच एकदा तपासा. मुलाखतीत पॅनेलने शोधण्यापेक्षा तुम्ही शोधलेलं बरं.