प्रकाशाच्या पुढे जाता येईल काय?

आकाशदर्शनासाठी मुलांना वसतिगृहाच्या गच्चीवर नेले की एक प्रश्न हमखास येतो : प्रकाशापेक्षा अधिक वेगाने जाता येईल काय? ही स्मरणिका वाचणाऱ्या अनेक माजी विद्यार्थ्यांनीही तो कधीकाळी विचारला असेल आणि ‘आइन्स्टाइन म्हणतात, नाही’ एवढ्यावर त्यांची बोळवण झाली असेल. थोर माणूस म्हणतो म्हणून मान्य करावे, ही रीत कालाम सुत्ताचा वारसा सांगणाऱ्या संस्थेला शोभत नाही. म्हणून त्या ‘नाही’मागची कारणे येथे मांडीत आहोत.

निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर असतो. उगम अथवा निरीक्षक कितीही वेगात असो, हा वेग सर्वांना सारखाच आढळतो. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी या गृहीतावर विशेष सापेक्षता सिद्धान्त उभारला. त्यानुसार वस्तूचा वेग प्रकाशाच्या जवळ जाऊ लागला की तो आणखी वाढविण्यास लागणारी ऊर्जा झपाट्याने वाढते. प्रकाशवेग गाठावयाचा तर ती अनंत लागेल. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेच्या महाकाय त्वरकात याचा रोज प्रत्यय येतो. २०१० साली तेथील प्रोटॉनची ऊर्जा ३.५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट होती, २०१५ साली ती ६.५ झाली. ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. वेग वाढला तो सेकंदाला अवघा आठ मीटर, म्हणजे चपळ माणूस धावतो तितका. तरीही प्रकाशाहून तीन मीटर कमीच.

याहून खोल कारण काळाच्या क्रमाशी निगडित आहे. कोणताही संदेश प्रकाशाहून वेगाने जाऊ शकला, तर सापेक्षता सिद्धान्तानुसार काही निरीक्षकांना तो निघण्यापूर्वीच पोहोचलेला दिसेल. असे दोन संदेश योग्य रीतीने जोडले, तर प्रश्न विचारण्याआधी उत्तर हाती येईल. कार्य कारणाच्या आधी घडेल. धम्मात कार्यकारणभावाला असलेले स्थान वाचकांस ठाऊकच आहे. मात्र एवढ्यावरून बुद्धांनी सापेक्षता आधीच सांगितली होती, असे कोणी म्हणू नये. अशा विधानांनी धम्माची सेवा होत नाही आणि विज्ञानाचीही नाही.

वेगाच्या काही गोष्टी फसव्याही असतात. पृथ्वीवरून चंद्रावर टाकलेला लेसरचा ठिपका सेकंदाच्या शंभराव्या भागात चंद्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरविला, तर तो ठिपका प्रकाशाहून वेगाने सरकेल. पण तेथे एका कडेवरून दुसऱ्या कडेकडे कोणतीही वस्तू जात नाही आणि संदेशही जात नाही.

मग या नियमाला कोणी आव्हान दिलेच नाही काय? दिले. १९६२ साली बिलान्युक, देशपांडे व सुदर्शन या तिघांनी जन्मतःच प्रकाशाहून वेगवान असणाऱ्या कणांची शक्यता मांडली. पुढे त्यांना टॅकिऑन हे नाव मिळाले. असा कण आजवर आढळलेला नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये मात्र खरोखरच खळबळ उडाली. सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो जमिनीतून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून इटलीतील ग्रान सासो येथील भूमिगत प्रयोगशाळेत पोहोचत. ऑपेरा नावाच्या प्रयोगगटाला ते प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचलेले आढळले. तेवढ्या अवधीत प्रकाश फक्त अठरा मीटर जातो. या गटाने महिनोन् महिने चूक शोधली, ती सापडली नाही, तेव्हा निष्कर्ष जगापुढे ठेवून इतरांना तपासणीचे आवाहन केले.

शंकेला सबळ आधार होता. १९८७ साली सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे दूरच्या एका ताऱ्याचा स्फोट दिसला. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या केवळ काही तास आधी आले, तेही प्रकाशाला ताऱ्याच्या अंतर्भागातून बाहेर पडण्यास वेळ लागल्यामुळे. ऑपेराचा आकडा त्यांना लागू पडता, तर ते चार वर्षे आधी यावयास हवे होते. अखेर २०१२च्या प्रारंभी दोष सापडला : घड्याळाशी जोडणारी प्रकाशतंतूची एक केबल नीट बसलेली नव्हती. त्याच प्रयोगशाळेतील इकारस गटानेही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाएवढाच असल्याचे मोजून दाखविले. ऑपेराच्या दोन प्रमुखांनी पदत्याग केला. त्यांची त्या काळी बरीच थट्टा झाली. आम्हांस ती अन्यायाची वाटते. न पटणारा निकाल दडपून ठेवण्यापेक्षा तो उघड करून तपासावयास देणे अधिक धैर्याचे होते.

१९९४ साली अल्कुबिएरे यांनी वेगळी वाट सुचविली : यान स्थिर ठेवावे, त्याच्या पुढचे अवकाश आकुंचित व मागचे प्रसरण पावते करावे. सामान्य सापेक्षतेची समीकरणे याला आडवी येत नाहीत. परंतु त्यासाठी प्रचंड प्रमाणात ऋण ऊर्जा लागते, आणि ती कोठून आणावयाची हे कोणी सांगू शकलेले नाही.

‘मग ताऱ्यांपर्यंत कधीच पोहोचायचे नाही का?’ असे मुले हिरमुसून विचारतात. तसे नाही. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाता आले, तर प्रवाशाच्या घड्याळात जेमतेम सव्वासात महिने उलटतील. नववीतून निघालेली मुलगी लगोलग परतली, तर ती स्वतः दहावीच्या वयाची असेल. इकडे पृथ्वीवर साडेआठ वर्षे लोटलेली असतील आणि तिच्या वर्गमैत्रिणी पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या असतील.