वायर बदलून आवाज खुलत नाही

‘भाऊ, वायर बदलवा, आवाज खुलते.’ चांगल्या ॲम्प्लिफायर-स्पीकरचा नाद लागलेल्या माणसाला आमच्या भंडारा जिल्ह्यात हा सल्ला हमखास मिळतो. नागपूरच्या दुकानातून कुणीतरी तो घेऊन येतो आणि बघता बघता तो तुमसर, साकोलीपर्यंत पोचतो. स्पीकरची साधी वायर काढा, ‘ऑक्सिजन-फ्री’ तांब्याची, जाड वेष्टनाची, सोनेरी पिनांची केबल लावा. तबल्याचा बोल न् बोल सुटा होईल, गायक समोर बसल्यासारखा वाटेल. अशा केबलच्या जोडीला हजारो रुपये पडतात आणि वर किंमत कुठवर जाईल याला मर्यादा नाही. पगारातून पैसे बाजूला काढत काढत स्पीकर घेतलेला माणूस पुन्हा तेवढ्याच चिकाटीनं वायरीसाठी पैसे साठवू लागतो, तेव्हा मला राग येतो. त्याच्यावर नाही, सल्ला देणाऱ्यावर.

आणि हे भंडाऱ्यासारख्या पितळनगरीत घडतं. ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या तांबं-जस्त वितळवून भांडी घडवली, त्या गावाला तांब्याबद्दल काहीही सांगून पटवता येऊ नये. म्हणून आधी तांब्याचाच हिशेब करू.

घराच्या वायरिंगला वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घ्या. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम, पुढे स्पीकर आठ ओहमचा. या वायरीमुळे आवाज घटतो तो डेसिबलच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एरवी गाणं ऐकताना एका डेसिबलचा फरकही बहुतेकांना जेमतेम कळतो. आता ‘ऑक्सिजन-फ्री’चं पाहू. विजेच्या तारांचं नेहमीचं तांबंसुद्धा ९९.९ टक्क्यांहून शुद्ध असतं. त्यातला उरलासुरला ऑक्सिजन काढून वाहकता वाढते ती फार तर एखाद्या टक्क्यानं. उलट तापमान एका अंशानं चढलं की तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्यानं वाढतो. डिसेंबरच्या रात्री खोलीत १५ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४० अंश धरले, तर त्याच वायरीचा रोध जवळपास १० टक्के बदलला. महागड्या तांब्यानं पडतो त्याच्या दहापट फरक आपल्याकडचा उन्हाळा दरवर्षी पाडतो. मे महिन्यात तबल्याचे बोल पुसट झाले, अशी तक्रार मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेली नाही.

यावर जाणकार म्हणतात, रोधाचं सोडा, इंडक्टन्सचं काय? त्याचाही हिशेब होतो. पाच मीटरच्या जोडतारेचा इंडक्टन्स काही मायक्रोहेन्री असतो. माणसाच्या ऐकण्याची वरची हद्द २०,००० हर्ट्‌झ. तिथंसुद्धा त्याचा अडथळा अर्ध्या ओहमच्या आत राहतो, स्पीकरच्या आठ ओहमपुढे किरकोळच.

गणितावर विश्वास नसेल तर कानांची साक्ष काढू. अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाच्या ऑगस्ट १९८३च्या अंकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकर केबलच्या चाचणीचा लेख लिहिला. कोणती वायर चालू आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. अगदी बारीक वायर ठरावीक खरखरीच्या आवाजावर ओळखू आली. पण पुरेशी जाड साधी वायर आणि महागडी केबल यांतला फरक गाणं ऐकताना खात्रीनं सांगता आला नाही. पुढं २००७ मध्ये चमत्कारांचे दावे तपासणारे जेम्स रँडी यांनी असा फरक डोळ्यांआड ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. ती कसोटी झालीच नाही.

मग लोकांना फरक ऐकू येतो त्याचं काय? ते खोटं बोलत नाहीत. जुनी वायर काढताना तिची काळवंडलेली टोकं आणि सैल स्क्रू जातात, नवी घट्ट बसते. हा फायदा खरा आहे आणि तीच वायर खरवडून पुन्हा लावली तरी मिळतो. दुसरं, वायर बदलायला पाच मिनिटं लागतात आणि आवाजाची बारीक छटा स्मरणात काही सेकंदच टिकते. तिसरं, नव्या वायरीनंतर आपण कान देऊन ऐकतो, आणि कान दिला की आधी निसटलेलं बरंच काही सापडतं. घरी पडताळायचं तर सोपं आहे. मित्राला नाणं उडवून वायर लावू द्या, तुम्ही पाठ करून बसा, आवाजाची पट्टी हलवू नका. बारापैकी दहा वेळा बरोबर ओळखलंत तर मी तुमचं म्हणणं गांभीर्यानं घेईन, कारण निव्वळ नशिबानं एवढं जमण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत आहे.

वायर हवी तशी चालते, असा याचा अर्थ नाही. डब्यात फुकट येणारी बारीक लाल-काळी वायर वीस मीटर नेली, तर तिचा रोध ओहमच्या पुढं जातो आणि स्पीकरचा तोल खरंच बदलतो. अंतर मोठं असेल तर ४ चौरस मिलिमीटर घ्या. खरी फसवणूक होते ती वेगळीच: ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा चढवून ती तांब्याची म्हणून विकली जाते. वाहकता शुद्ध तांब्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. सुरीनं तार खरवडा; आत पांढरं दिसलं तर वायर परत करा. सोनेरी पिनांचंही असंच नीट समजून घ्या. सोनं तांब्याहून कमी वाहक आहे. त्याचा गुण इतकाच की ते गंजत नाही, आणि आमच्याकडच्या दमट पावसाळ्यात तो गुण उपयोगाचा आहे. त्यासाठी शंभर-दोनशे रुपयांची पिन पुरते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. केबल ‘दोनशे तास वाजवून मुरवावी’ लागत नाही. तांब्याला स्मरण नसतं. एचडीएमआय किंवा ऑप्टिकल केबलमधून आकडे जातात. ते पोचतात किंवा तुटतात, गोड होत नाहीत. खोक्यावरचे हजारो वॅट ‘पीएमपीओ’ कुठल्याही प्रमाणावर मोजलेले नसतात. खरे वॅट दुप्पट केले तरी आवाज तीन डेसिबलच वाढतो. भिंतीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची महागडी पॉवर केबल वीज ‘स्वच्छ’ करत नाही. ती वीज कित्येक किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांतून आलेली असते. घूं असा आवाज येत असेल तर अर्थिंग तपासा.

एलपीच्या तबकडीवर प्रेम करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ती ‘डिजिटलपेक्षा अचूक’ असते हे खरं नाही. मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या ज्या तबकड्यांना शौकीन अस्सल ॲनालॉग म्हणून वाखाणत होते, त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, हे २०२२ मध्ये बाहेर आलं. तोवर ते कुणाच्या कानानं पकडलं नव्हतं. ‘हाय-रेझ’, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या, फायलींबद्दल मेयर आणि मोरन यांचा २००७चा प्रयोग पाहा: ५५४ चाचण्यांत सीडीच्या दर्जाचा आवाज वेगळा ओळखता आला ४९.८ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवल्यासारखा. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा हा आकडा ५२.३ टक्के निघाला. फरक असेलही, पण तो एवढाच.

आवाज खरोखर बदलतो तो खोलीनं, आणि तिच्याविषयी दुकानात कुणी बोलत नाही. आमच्या नव्या घरांत खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टर आणि काचेच्या खिडक्या. १२ बाय १५ फुटांची, १० फूट उंचीची अशी रिकामी खोली दोन सेकंदांहून जास्त घुमते. एक बोल विरायच्या आत पुढचे कितीतरी त्यावर येऊन पडतात. घुमण्याचं हे गणित भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी घालून दिलं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह त्यांच्याकडे सोपवलं गेलं, कारण तिथं उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत असे. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणून, मोजून मोजून त्यांनी घुमणं आणि शोषण यांचं सूत्र काढलं. आपल्या खोलीत त्याच सूत्रानं कापसाच्या गाद्या, जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट आलं की घुमणं अर्ध्या सेकंदाजवळ येतं. लाखांदूरकडे धान निघाल्यावर उघड्या शेतात झाडीपट्टीची नाटकं होतात; तिथं साध्या कर्ण्यांतूनही शब्द स्पष्ट पोचतो, कारण परत फिरवायला भिंतच नसते.

खर्जाचं प्रकरण आणखी कठीण. वरच्या मापाची खोली ३७ आणि ४७ हर्ट्‌झच्या आसपास स्वतःच घुमू लागते. खुर्ची मीटरभर सरकवली तर त्या सुरांत दहा डेसिबलचा फरक पडू शकतो. वायरीमुळे पडणाऱ्या डेसिबलच्या दहाव्या हिश्शाशी तो ताडून पाहा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, दोन्ही भिंतींपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवा आणि ऐकायची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नका. मोजायचं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लागतो तो एक माइक. भिंतीला अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका. खर्जाला ते काहीच करत नाहीत, वरच्या सुरांतलंही थोडंच शोषतात, आणि शेजारी ठिणगी उडाली तर कागदासारखे पेटतात.