दोन प्रतिमा जुळेपर्यंत

माझ्याकडे एक कॅमेरा आहे. त्यात बॅटरी नाही, स्क्रीन नाही, प्रकाश मोजायची सोय नाही. आहेत त्या स्प्रिंगा, दातेरी चाकं, काचा आणि कापडाचे दोन काळे पडदे. गेल्या श्रावणात तो घेऊन मी पेणला एका ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात बसलो होतो. सोबत माझी भाची होती. तिने मोबाइलवर दहा मिनिटांत चाळीस-पन्नास फोटो काढले. माझे झाले तीन. निघताना ती म्हणाली, "मामा, कसा आलाय ते लगेच दिसतही नाही. मग कशाला हा सगळा खटाटोप?"

प्रश्न रास्त होता. तिथे मला धड उत्तर देता आलं नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

कॅमेरा मूळचा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते पेणच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. १९७४ साली त्यांनी मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारातून तो जुना घेतला. नाव झोर्की-४. रशियन भाषेत झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. त्याची वंशावळ मात्र जर्मन. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातल्या ओस्कार बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा घडवला आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांसमोर आला. तोच लायका. त्याच्यात एक उणीव होती. समोरचा माणूस किती अंतरावर आहे ते अंदाजाने ठरवायचं किंवा वर वेगळं अंतरमापक यंत्र बसवून मोजायचं आणि तो आकडा लेन्सवर लावायचा. १९३२ च्या लायका-२ मध्ये अंतरमापक लेन्सलाच जोडलं गेलं. हाच रेंजफाइंडर कॅमेरा. दोन वर्षांनी युक्रेनमधल्या खारकिवला, निराधार मुलांसाठी काढलेल्या वसाहतीत, त्याची नक्कल तयार होऊ लागली. तिचं नाव फेड. महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला त्याच घराण्यातला झोर्की आला. त्यातलं चौथं मॉडेल १९५६ ते १९७३ या काळात सतरा लाखांच्या आसपास निघालं. त्यातला एक पेणला आमच्या घरी खुंटीवर लटकत असे.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू. त्यासाठी कॅमेरा हवाच असं नाही. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे उडी मारतो. आता अंगठा जवळ आणा आणि पुन्हा तसंच करा. उडी मोठी होते. वस्तू जितकी जवळ, तितकी उडी मोठी. म्हणजे उडी मोजता आली की अंतर कळलं. युद्धनौकांवरची तोफखान्याची मोठमोठी अंतरमापकं याच तत्त्वावर चालत.

कॅमेऱ्यात हे काम समोरच्या दोन खिडक्या करतात. एकीतून समोरचं दृश्य सरळ डोळ्याकडे येतं. दुसरीतून आलेलं दृश्य आत वळवून, अर्धपारदर्शक आरशाच्या मदतीने पहिल्यावर टाकलेलं असतं. त्यामुळे डोळा लावला की मधोमध एक फिकट पिवळसर ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्यात सगळं दोन-दोन असतं. लेन्स फिरवली की तिच्या पाठीला टेकलेला छोटा दांडा पुढे-मागे सरकतो. त्याबरोबर दुसऱ्या खिडकीतलं दृश्य सरकतं. दोन नाकांचं एक नाक झालं, दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या, की लेन्स नेमक्या अंतरावर लागलेली असते. मग खटका दाबायचा.

यातली गंमत लक्षात घ्या. नंतर आलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. फोटो कसा येईल ते बघतो. मागचं झाड धूसर, चेहरा स्पष्ट, असं तयार चित्र समोर असतं. रेंजफाइंडरच्या खिडकीतून चित्र दिसत नाही, फक्त समोरचं जग दिसतं. जवळचं, लांबचं, सगळं सारखंच स्वच्छ. त्या जगातलं नेमकं काय तुम्हाला हवं आहे, तेवढं मात्र ठिपक्यात धरून तुम्हालाच जुळवावं लागतं. यंत्र तुमच्या वतीने निवड करत नाही.

त्या कारखान्यात मी नेमकं हेच करत होतो. पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी मूर्ती होतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या कामातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे डोळ्यांची आखणी. कारागीर श्वास आवरून कुंचला टेकवतो, एक डोळा काढतो, मग मागे सरकून बघतो, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांची नजर एका जागी मिळायला हवी. नाही मिळाली, तर बाकी मूर्ती कितीही सुबक असली तरी ती आपल्याकडे बघत नाही. अशा वेळी फ्लॅश मारणं म्हणजे अपराधच. बाहेर पाऊस, आत खिडकीजवळचा मंद उजेड. अण्णा अशा उजेडात १२५ एएसएची ऑर्वो फिल्म घालून, लेन्स पूर्ण उघडून, सेकंदाच्या पंधराव्या भागाला हातात धरून फोटो काढायचे. एसएलआरमध्ये खटका दाबताच आरसा वर आपटतो, कॅमेरा किंचित हलतो आणि नेमक्या त्या क्षणी डोळ्यापुढे अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये आरशाची उडीच नसते. कुंचला टेकला तो क्षण तुम्ही बघता, आणि तोच क्षण फिल्मवर जातो.

ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार १९४७ मध्ये हिंदुस्थानात आला, तो लायका घेऊनच. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून नेहरू लोकांना ती बातमी सांगत होते. त्याचं त्याने घेतलेलं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. उजेड अपुरा, आकृत्या थोड्या हललेल्या. फ्लॅश नाही. म्हणून ती रात्र त्यात रात्रीसारखीच दिसते. पुढे १९५४ च्या लायका एम-३ मध्ये दर्शकाच्या आत चौकटीच्या उजळ रेषा आल्या. आता चौकटीबाहेरचंही थोडं दिसू लागलं. कोण आत येणार आहे, कोण बाहेर पडणार आहे, हे आधीच कळू लागलं.

या कॅमेऱ्याचे दोष मी लपवणार नाही. फार लांबच्या वस्तूला तो उपयोगाचा नाही. १३५ मिलिमीटरच्या पुढची लेन्स त्याला पेलत नाही. फुलपाखरू, पक्षी यांच्या नादी लागू नये. दर्शक लेन्सच्या वर असल्याने फार जवळ गेलं की माणसाच्या डोक्यावरचं थोडं कापलं जातं. शिवाय अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी चावी, मग आकडा." फिल्म पुढे सरकवून शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही. फिरवली तर आतली यंत्रणा बिघडू शकते. दुसरा नियम झाकणाचा. शटरचा पडदा कापडाचा, आणि त्याच्यापुढे आरसा नाही. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला, तर भिंगाने कागद जळावा तसं पडद्याला भोक पडतं. म्हणून काम नसेल तेव्हा झाकण लावायचं.

याच झाकणाने माझा घात केला.

रोह्याला माझी आत्या राहायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलिसांची मानवंदना होते आणि पालखी गावात दारोदार फिरते. १९८३ साली मी एकवीस वर्षांचा होतो. रेल्वे तेव्हा रोह्यापर्यंत आली नव्हती, ती १९८६ साली आली. पेणहून एसटीने वडखळ, नागोठणे करत पोचलो. अण्णांनी पहिल्यांदाच कॅमेरा माझ्या एकट्याच्या हाती दिला होता. दुपारी परतीच्या पावसाची सर आली, म्हणून मी झाकण लावलं. संध्याकाळी पालखी आत्याच्या दाराशी आली. हातात तबक, अंगावर ठेवणीतलं लुगडं, नजर पालखीकडे. मी डोळा लावला. ठिपक्यात दोन आत्या होत्या. लेन्स फिरवली, त्या जवळ येत येत एक झाल्या. मी खटका दाबला. पुन्हा चावी, पुन्हा खटका. असे सहा फोटो घेतले.

दर्शकाचा लेन्सशी संबंध नसतो, हे आत्ताच सांगितलं. लेन्सवर झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. ॲपर्चर आधीच पूर्ण उघडून ठेवलेलं, म्हणून लेन्सच्या तोंडाकडे हात गेला नाही. पेणला येऊन रोल धुतला, तर शेवटच्या सहा चौकटी काचेसारख्या कोऱ्या. पुढच्या पालखीपर्यंत आत्या राहिली नाही. तिचा उतारवयातला एकही फोटो आमच्याकडे नाही. लग्नाच्या एका ग्रुप फोटोत ती आहे, चेहरा नखाएवढा.

मला वाटलं होतं, अण्णा रागावतील. त्यांनी तो रोल उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला आणि एवढंच विचारलं, "जुळली होती का नीट?" मी हो म्हटलं. ते पुन्हा काही बोलले नाहीत. त्यांची ती एकुलती बहीण होती.

ही चूक रेंजफाइंडरचीच. एसएलआरमध्ये झाकण असतं तर समोर अंधार दिसला असता. पण आज चाळीस वर्षांनंतरही त्या दोन आत्यांची एक होताना मला जशी दिसते, तशी माझ्या हजारो फोटोंमधली क्वचितच कुणी दिसते. याचं कारण आठवणीची जादू नाही. ते दोन सेकंद मी फक्त तिच्याकडे बघत होतो, फोटोकडे नाही. या कॅमेऱ्याने मला दुसरं काही बघूच दिलं नव्हतं. मला वाटतं, भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. फोटो मोबाइलवर उत्तम येतात, त्याबद्दल वाद नाही. आणि आत्याच्या फोटोची उणीव मला अजून छळते, तेही खरं.

फिल्म आता महाग झाली आहे, धुऊन देणारे थोडे उरले आहेत. तरी मागणी पुरती आटलेली नाही. २०२२ मध्ये लायकाने एम-६ हा आपला फिल्मचा रेंजफाइंडर पुन्हा बाजारात आणला. त्याची किंमत ऐकून मी गप्प बसलो. पण तुमच्या घरी कपाटात असा एखादा जुना कॅमेरा पडला असेल, तर तो आधी चामड्याच्या पिशवीतून बाहेर काढा. आपल्या कोकणच्या दमट हवेत त्या पिशवीत ओल धरते आणि लेन्सवर बुरशीचं जाळं पसरतं. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. अधूनमधून चावी द्या, खटका दाबा. यंत्राला हालचाल लागते.

भाचीने परवा फोन केला होता. दसऱ्याला रोह्याला जायचं म्हणते, आणि झोर्की मागते आहे. मी देणार आहे. चावी आणि आकड्याचा नियम तिला सांगितला आहे. झाकणाला मात्र दोरी बांधून ठेवली आहे, गळ्यात लोंबती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)