खिशात मावणारी चित्रवही कशी निवडावी?



सहल ठरली किंवा मामाच्या गावाला जायचं ठरलं, की मुलं रंगपेटी आठवणीने घेतात. वही मात्र आपण हाताला येईल ती देतो. मग पहिल्याच चित्रात कागद फुगतो. ब्रश दोनदा फिरवला की त्याचा लगदा सुटतो, रंग मागच्या पानावर उतरतो. मूल म्हणतं, "मला रंगवताच येत नाही." खरं तर दोष हाताचा नसून कागदाचा असतो, पण हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून रंगांपेक्षा आधी वहीकडे लक्ष द्यावं. वही घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) जाडी : मुखपृष्ठावर 'जीएसएम' असा आकडा असतो. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम आहे, हे त्यावरून कळतं. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो. पेन्सिल आणि पेनासाठी १०० ते १५० चालतो. हलक्या जलरंगाला निदान २०० हवा. मूल भरपूर पाणी वापरत असेल तर ३०० घ्यावा.

२) खळ : नुसती जाडी पुरत नाही. जलरंगाच्या कागदाला जिलेटिन किंवा तशाच पदार्थाची खळ दिलेली असते. त्यामुळे रंग थोडा वेळ वरच राहतो. तो पसरवायला किंवा ओल्या ब्रशने उचलून घ्यायला सवड मिळते. खळ नसेल तर कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. वही घरी आणल्यावर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब लगेच आत मुरला, तर ती वही पेन्सिलीसाठी ठेवा.

३) पोत : खडबडीत कागदावर झाडाची साल, दगड, जुन्या भिंती छान उतरतात. गुळगुळीत कागदावर पेनाची बारीक रेघ चांगली येते. दोन्ही करायचं असेल तर मध्यम पोताचा, म्हणजे 'कोल्ड प्रेस' कागद बरा.

४) आकार : 'ए६' म्हणजे १०.५ × १४.८ सेंटिमीटर, साधारण पोस्टकार्डाएवढा. लहान पान लवकर भरतं. एसटीची वाट पाहताना दहा मिनिटांतही एक चित्र पुरं होतं, आणि चित्र पुरं झालं की मुलाला पुढचं काढावंसं वाटतं. लहान वही म्हणजे कमी दर्जाचं काम, असंही समजू नये. इंग्लंडचे प्रसिद्ध निसर्गचित्रकार टर्नर (१७७५–१८५१) प्रवासात अशा छोट्या वह्या जवळ बाळगत.

५) बांधणी : स्पायरल वही पूर्ण मागे दुमडता येते, त्यामुळे उभ्याने काढायला सोपी. पण दोन पानं मिळून एक मोठं चित्र काढायचं तर मध्ये तार येते. त्यासाठी शिवलेली वही चांगली. कोणतीही घेतली तरी पुठ्ठा कडक हवा. तोच आपला पाट.

घरीही करता येते

चांगल्या वह्या महाग पडतात, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे २०० जीएसएमचा २२ × ३० इंची जलरंगाचा एक ताव आणणे. त्याचे ११ × ७.५ इंचांचे आठ तुकडे होतात. चार-चार तुकडे एकात एक ठेवून मधोमध दुमडा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा. एका तावात १६-१६ पृष्ठांच्या दोन वह्या तयार होतात. कार्यानुभवाच्या तासाला हे सहज जमतं. दाभण मात्र मोठ्यांनी हाताळावं.

सोबत एक २बी पेन्सिल, छोटी रंगपेटी, एक ब्रश, पाण्याची लहान बाटली आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा पुरे. चित्र ओलं असताना वही मिटू नये, पानं चिकटतात. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून पान उघडं ठेवावं.

एक विनंती : या वहीला मार्क देऊ नका. त्यात चुकलेली पानंही राहू द्या. एलिमेंटरीच्या स्मरणचित्रासाठी बाजार, बसथांबा, पाणवठा डोळ्यांपुढे उभा करावा लागतो. ज्याने तो आधी बघून काढलेला असतो, त्याला तो आठवतोही.