लॅपटॉपला जागं ठेवतंय कोण?

काम संपवून लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवला, की ठरलेल्या वेळाने तो आपोआप स्लीप मोडमध्ये जायला हवा. पण कित्येकांच्या घरी सकाळी तो गरम सापडतो, पंखा फिरत असतो आणि बॅटरी तळाला गेलेली असते. मग कुणी ‘फॉरमॅट मारून टाक’ म्हणतं, कुणी नवी बॅटरी घ्यायला सांगतं. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. लॅपटॉप झोपत नाही, तेव्हा बहुधा एखाद्या प्रोग्रॅमनेच त्याला जागं राहायला सांगितलेलं असतं. ते कुणी सांगितलं याची नोंदही त्याच्याकडे असते. ती उघडून वाचता आली, की निम्मं काम झालं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वीज वाचवण्याचं बरंचसं काम संगणकाच्या बायोसकडे होतं. पण वर कोणता प्रोग्रॅम काय करतो आहे, हे बायोसला कळत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून ‘एसीपीआय’ हे मानक आणलं आणि झोपेचा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती गेला. या मानकातल्या ‘एस-३’ अवस्थेत प्रोसेसर, पडदा, डिस्क सगळं बंद होतं, फक्त रॅमला वीज मिळत राहते. ती द्यावीच लागते, कारण रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तीच ही रचना. गळती भरून काढण्यासाठी सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत सगळी रॅम एकदा ताजी करावी लागते. म्हणजे झोपलेल्या लॅपटॉपमध्येही सेकंदाला सुमारे पंधरा वेळा हे काम चालूच असतं. हायबरनेटमध्ये मात्र रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून वीज तोडली जाते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘एस-३’ ऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतं. त्यात यंत्र मोबाइलसारखं अगदी कमी विजेवर, पण अर्धवट जागं राहतं.

झोपायचं कधी, हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे कीबोर्ड, माऊस किंवा टचपॅडला शेवटचा हात लागून किती वेळ झाला. दुसरी म्हणजे ‘पॉवर रिक्वेस्ट’, अर्थात प्रोग्रॅमने किंवा ड्रायव्हरने केलेली ‘आत्ता झोपू नकोस’ ही विनंती. व्हिडिओ चालू असताना, बॅकअप घेताना, ऑनलाइन मीटिंगमध्ये ही विनंती हवीच. घरात एक मूल जरी परीक्षेच्या अभ्यासाला बसलेलं असलं तरी खोलीतला दिवा मालवत नाहीत, तसाच हा नियम आहे. एकही विनंती शिल्लक असेल, तर वेळ उलटून गेली तरी लॅपटॉप आपणहून झोपत नाही. काम संपल्यावर विनंती मागे घेणं ही प्रोग्रॅमची जबाबदारी असते. ती पाळली गेली नाही, की दुखणं सुरू होतं.

तपासाची सुरुवात सेटिंग्जपासून करावी. विंडोजमध्ये बॅटरीवर असतानाची वेळ आणि चार्जर लावलेला असतानाची वेळ वेगवेगळी ठरवता येते. एखाद्या ऑनलाइन वर्गासाठी चार्जरची वेळ ‘नेव्हर’ केली आणि ती तशीच राहिली, हे सर्रास घडतं.

तिथे सगळं ठीक असेल, तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडून उघडावा. त्यात ‘पॉवर’ या इंग्रजी शब्दाला जोडून सी-एफ-जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून ‘रिक्वेस्ट्स’ असं टाइप करून एंटर दाबावं. ‘डिस्प्ले’, ‘सिस्टिम’, ‘अवेमोड’, ‘एक्झिक्युशन’ अशा मथळ्यांची यादी दिसते. मथळ्याखाली ‘नन’ असेल, तर तिथे कुणाची विनंती नाही. वारंवार सापडणारी नोंद ‘सिस्टिम’खाली असते. कंसात ‘ड्रायव्हर’, पुढे साउंड कार्डाचं नाव आणि खालच्या ओळीत ‘ऑडिओ स्ट्रीम सध्या वापरात आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. आवाज तर कुठूनच येत नसतो. अशा वेळी ब्राउझरचे टॅब पाहावेत. एखाद्या वेबपेजने आवाजाची वाहिनी उघडी ठेवलेली असते आणि ती बंद होईपर्यंत ड्रायव्हर आपली विनंती सोडत नाही. टॅब बंद करून तीच कमांड पुन्हा द्यावी. नोंद गेली, की गुन्हेगार सापडला.

यादीत प्रोग्रॅमचं नाव असेल, तर तो पूर्ण बंद करावा. त्याची विनंती विंडोज स्वतःच रद्द करते. ड्रायव्हरची नोंद हटत नसेल, तर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रिस्टार्ट’ करावं. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. तरीही त्रास राहिला, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर अपडेट करावा.

यादी कोरी असूनही लॅपटॉप झोपत नसेल, तर माऊसवर संशय घ्यावा. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाच्या सेकंदाला हजाराहून अधिक प्रतिमा टिपतो आणि त्यांची तुलना करून आपण किती सरकलो ते ठरवतो. खाली काच किंवा चकचकीत सनमायका असेल, सेन्सरवर केस अडकला असेल, तर न हलताही त्याला हालचाल भासते आणि दर वेळी झोपेची उलटमोजणी पहिल्यापासून सुरू होते. एक रात्र माऊस काढून ठेवला, की खरं-खोटं कळतं. जोडलेल्या गेमपॅडचीही अशीच परीक्षा घ्यावी.

लॅपटॉप झोपून पुन्हा उठत असेल, तर प्रकार वेगळा. मघाच्या कमांडमध्ये ‘रिक्वेस्ट्स’च्या जागी ‘लास्टवेक’ लिहिलं, की शेवटचं कुणी उठवलं ते बहुधा समजतं. नेटवर्क कार्ड निघालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा संगणकाला उठवण्याचा अधिकार काढून घेता येतो. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला ‘प्रिव्हेंटिंग स्लीप’ हा रकाना झोप अडवणाऱ्या प्रोग्रॅमची नावं दाखवतो.

हा खटाटोप कशासाठी? पडदा बंद पण जागा असलेला लॅपटॉप ८ वॅट घेतो असं धरलं, तर आठ तासांत ६४ वॅट-तास खर्च होतात. अनेक लॅपटॉपची पूर्ण बॅटरीसुद्धा एवढी नसते. त्यातून निर्माण होणारी उष्णता तर लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य थेट कमी करते.

एक पथ्य मात्र पाळावं. बॅकअप किंवा अपडेट चालू असताना आलेली विनंती रास्त असते. ती जबरदस्तीने मोडू नये, काम पूर्ण होऊ द्यावं. बाकी वेळी फॉरमॅटचा किंवा नव्या बॅटरीचा विचार करण्याआधी ही यादी एकदा वाचा. दुरुस्तीला न्यावंच लागलं, तर तिचा फोटो काढून सोबत न्या. ‘लॅपटॉप झोपत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘या ड्रायव्हरमुळे झोपत नाही’ असं सांगणाऱ्याचं काम लवकर होतं आणि पैसेही वाचतात.