फेरेट: आधी गाढ झोप, मग धुमाकूळ

लांबट अंग आणि आखूड पाय पाहून मुंगूस आठवतं, पण फेरेट पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या रानटी पोलकॅटला माणसाळवून सशांना बिळातून हुसकायला माणसाने तो पाळला, त्याला २००० वर्षं तरी झाली.

दिवसाचे १४ ते १८ तास तो झोपतो. झोप अशी, की उचललं तरी मान लुळी आणि अंग सैल. नवख्या पालकांच्या तोंडचं पाणी पळतं. जागा झाला की पाठीची कमान करून, शेपटी फुलवून आडव्यातिडव्या उड्या मारतो, कपाटावर आपटतो, पुन्हा उसळतो. सोबत घशातून बारीक ‘डुक-डुक’ चालू. हा राग नव्हे, निखळ आनंद! मोजे, किल्ल्या पळवून सोफ्याखाली साठवण्याचा नाद तर जन्मजात. रबराच्या वस्तू तेवढ्या लांब ठेवाव्यात. तुकडा गिळला तर आतडं अडतं.

आहार निव्वळ मांसाहारी, आणि पोट तीन-चार तासांत रिकामं. उकाडा सोसत नाही. ३० अंशांपुढे जिवावर बेतू शकतं. माणसाचा फ्लूही त्याला होतो. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तो फेरेटमुळेच. म्हणून घरात कुणाला ताप-खोकला असेल, तर त्याने याला कुशीत घेऊ नये.

कॅलिफोर्निया आणि हवाईत फेरेट पाळायला बंदी आहे. न्यूझीलंडने २००२ मध्ये विक्री आणि पैदास थांबवली, कारण मोकाट फेरेट किवीसारख्या न उडणाऱ्या पक्ष्यांना मारतात. ही बंदी रास्तच.